अंगठे पन्नास, कोरम नाही

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जेटीपाशी साचलेल्या गाळाचा फोटो पडला की दहा मिनिटांत पन्नास अंगठे येतात. ग्रामसभेला मात्र कोरम भरत नाही नि सभा तहकूब होते. मग 'हल्लीची पोरं फक्त मोबाइलवर' हे पालुपद. खरी गोम वेगळीच आहे.

2010 च्या अमेरिकी संसदीय निवडणुकीत फेसबुकवर 6.1 कोटी लोकांवर एक प्रयोग झाला. काहींना फक्त मतदानाची आठवण दिसली, बहुतेकांना तिच्यासोबत 'मी मत दिलं' म्हणणाऱ्या मित्रांचे चेहरेही दिसले, थोड्यांना काहीच नाही. नंतर लाखो जणांची नावं सरकारी मतदान-नोंदींशी ताडून पाहिली. कोऱ्या आठवणीचा परिणाम जवळजवळ शून्य. चेहऱ्यांसकट आलेल्या संदेशानं मतदान 0.39 टक्क्यानं वाढलं. चिमूटभरच, पण साखळी धरून सुमारे 3 लाख 40 हजार मतं. त्यातली बहुतेक संदेश पाहणाऱ्यांची नव्हेत, त्यांच्या जवळच्या दोस्तांची.

म्हणजे ओळखीच्या माणसाला बघून माणूस हलतो. पाच किंवा जास्त वेळा फॉरवर्ड झालेल्या, दोन बाणांच्या मेसेजमागे असा चेहरा कुठला असणार? (तो एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो, ते एका परीनं बरंच.) त्यापेक्षा वाडीतल्या पाच जणांना फोन करावा.

आता कोरमचा हिशेब. गावच्या मतदारांचे 15 टक्के किंवा 100 जण, यातला कमी आकडा. 600 मतदार असतील तर 90. ग्रुपवर सर्वांत मोठा आवाज असतो ठाणे-डोंबिवलीच्या चाकरमान्यांचा. पण अर्ज क्रमांक 8 भरून ज्यानं आपलं नाव तिकडच्या यादीत हलवलं, त्याचा हात गावात मोजला जात नाही. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची अटही उरत नाही, मग दहा डोकी ठराव करून मोकळी होतात. नवमतदारांसाठी अर्ज क्रमांक 6 आहे. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला 18 पूर्ण असतील ती धरतात. सतराव्या वर्षीच अर्ज देऊन ठेवता येतो.

किनाऱ्यावरच्या प्रकल्पाची पर्यावरणीय जनसुनावणी असेल तर किमान 30 दिवस आधी नोटीस निघते. हॅशटॅग इतिवृत्तात येत नाही. सुनावणीत बोललेलं आणि लेखी हरकत येते. प्रकल्पाचं नाव, आपला गट नंबर, एका पत्रात एकच मुद्दा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच. शिक्का पडलेल्या त्या प्रतीसोबतचा आपला फोटो मग खुशाल ग्रुपवर टाकावा.