छोट्या ऑफिसात फाइल शेअरिंग : बसवण्यापूर्वी वाचा

चार-सहा संगणकांच्या ऑफिसला वेगळा सर्व्हर लागत नाही. विंडोज १० किंवा ११ चा एक धडधाकट संगणक पुरतो. त्याला एका वेळी जास्तीत जास्त २० उपकरणे जोडता येतात. घरगुती शेअरिंगची ‘होमग्रुप’ ही जुनी सोय २०१८ मध्येच विंडोज १० मधून गेली, ती शोधत बसू नका.

मुख्य संगणकावर

डी ड्राइव्हवर नवा फोल्डर करा. डेस्कटॉपवरचा फोल्डर शेअर करू नका. त्याचा पत्ता लांबलचक होतो आणि खाते बदलले की सगळी मांडणी मोडते. काम करणाऱ्या प्रत्येकासाठी त्याच संगणकावर पासवर्डसह एक लोकल (त्या संगणकापुरते) खाते उघडा. पासवर्ड कोरा ठेवला तर नेटवर्कवरून प्रवेश मिळत नाही. पिनही इथे चालत नाही, पासवर्डच लागतो. निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ आम्हाला इथेच सापडते.

मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, अॅडव्हान्स्ड शेअरिंग. परमिशन्समधून ‘एव्हरीवन’ काढा आणि खाती नावानिशी घाला. नुसते पाहणाऱ्याला ‘रीड’, लिहिणाऱ्याला ‘चेंज’. सिक्युरिटी टॅबमध्येही हीच नावे हवीत. दोन्हीकडे वेगळे अधिकार दिले तर कडक असेल तोच लागू होतो. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि संगणक आपोआप झोपणार नाही अशी पॉवर सेटिंग ठेवा.

लिहिण्याचा अधिकार हात राखून द्या. एखाद्या संगणकात रॅन्समवेअर (फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस) शिरला, तर त्या खात्याला जिथे लिहिता येते तिथपर्यंतच्या फाइली तो कुलूपबंद करतो.

इतर संगणकांवर

फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा (\\) आणि लगेच मुख्य संगणकाचे नाव टाइप करा. ‘नेटवर्क’च्या यादीत नाव दिसले नाही तरी हा रस्ता बहुधा चालतो. फोल्डर उघडला की ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ करून ठेवा, म्हणजे तो स्वतंत्र ड्राइव्हसारखा दिसेल.

उघडत नसेल तर

आधी राउटर मोजा. इंटरनेटवाल्याचा एक आणि तुमचा एक असे दोन असतील, तर दोन्हींच्या मागचे संगणक वेगळ्या नेटवर्कात पडतात. दुसऱ्याला ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाका, म्हणजे तो वेगळे नेटवर्क बनवणार नाही. ‘गेस्ट’ वायफायवरून तर शेअरिंग सहसा होतच नाही.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीनंतर जुनी, बिनपासवर्डची नेटवर्क डिस्क (थेट नेटवर्कला जोडलेली साठवणूक) उघडेनाशी झाली, तर डिस्कवर खाते व पासवर्ड तयार करा. ‘एसएमबी १’ (फाइल शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर त्याच वाटेने पसरला होता.

एक जीबीची फाइल कॉपी व्हायला दीड मिनिट लागत असेल, तर जोडणी १०० एमबीपीएसवर अडकली आहे. गिगाबिटवर (१००० एमबीपीएस) हेच काम दहा सेकंदांच्या आसपास होते. केबलच्या आठही तारा टोकाच्या प्लगमध्ये क्रिम्प झाल्या (दाबून बसवल्या) आहेत का ते पाहा. चारच जोडल्या असतील तर वेग तिथेच थांबतो.

डिलीट आणि बॅकअप

नेटवर्कवरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. म्हणून रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घ्या, आठवड्यातून एकदा दुसऱ्या डिस्कवर. प्रत झाली की डिस्क काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर तिच्यातल्या फाइलींनाही कुलूप लावतो.