आकडा कुणाच्या तोंडून आला?

पगारवाढीची बोलणी फिसकटली की खापर हट्टीपणावर फुटतं. पण इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीतला एखादा करार डोळ्यांसमोर आणा. युनियन शेजारच्या मोठ्या वाहन कारखान्यातले पगार दाखवते, व्यवस्थापन इंदूरच्या सांवेर रोडवरच्या लहान शेडमधले. दोघंही प्रामाणिक असतात, हीच पंचाईत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी शिक्षक संघटनांना आणि शाळा मंडळांना विचारलं होतं, तुमच्या तोलाचे शालेय जिल्हे कोणते? संघटनांच्या यादीतल्या जिल्ह्यांत सरासरी पगार जास्त निघाला. दोन याद्यांत जितकं अंतर, तितके संपही जास्त. म्हणून आकड्याआधी तुलना कुणाशी करायची हे ठरवलेलं बरं.

त्याहून चमत्कारिक प्रयोग मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांच्या गटाचा. 1980 च्या दशकात त्यांनी अमेरिकेत रस्त्यावरच्या लोकांपुढे अण्वस्त्रकपातीचा एकच प्रस्ताव ठेवला. तो त्यांचेच अध्यक्ष रेगन यांचा आहे असं सांगितल्यावर 90 टक्के लोकांचा कौल अनुकूल आला, तटस्थ तज्ज्ञांचा म्हटल्यावर 80 आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांचा म्हटल्यावर 44 टक्के. समोरच्याने देऊ केलं, म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणार!

अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या लेम्युएल बुलवेअर यांनी घासाघीसच टाळायचं ठरवलं. कामगारांची मतं अजमावून कंपनी एकच प्रस्ताव मांडायची आणि तोच अखेरचा म्हणायची. युनियन खवळली, 1964 मध्ये तिथल्या राष्ट्रीय श्रम संबंध मंडळाने ही पद्धत सद्भावनेची नाही असा निर्णय दिला. मला यात नवल वाटत नाही. न झगडता मिळालेली वाढ युनियनचे नेते गेट मीटिंगमध्ये कुठल्या तोंडाने सांगणार?

इंदुरात अविश्वासाला इतिहासही आहे. हुकूमचंद ही कापड मिल 1991 मध्ये बंद पडली; थकलेल्या देण्यांसाठी कामगारांना 2023 चा डिसेंबर पाहावा लागला. अशा घरातल्या माणसाला ‘कंपनी अडचणीत आहे’ हे नुसतं ऐकवून भागत नाही. ताळेबंद त्याच्या हाती द्यावा, युनियनच्या हिशेबनिसाला तो तपासायला वेळ द्यावा.

इथे लेबर ऑफिसचा अधिकारी कामी येतो. मध्य प्रदेशच्या श्रमायुक्तांचं कार्यालयही इंदुरातच आहे. समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्याला निवाडा करता येत नाही, फक्त समजूत घालता येते. पण व्यवस्थापनाच्या मनातला आकडा त्याने स्वतःचा म्हणून मांडला, की युनियन तो निदान ऐकून तरी घेते.