वर्णन आणि डायग्नोसिस: नवं झाड मांडताना होणारी गल्लत

वर्षावनातल्या नव्या झाडावरचा शोधनिबंध उघडावा, तर डायग्नोसिस (नवी प्रजाती इतरांपासून कशाने वेगळी, ते सांगणारा भाग) या मथळ्याखाली हमखास असं काही तरी दिसतं: मध्यम उंचीचा सदाहरित वृक्ष, पानं साधी, एकाआड एक, फुलं पिवळसर, फळ मांसल. खाली वर्णनात तीच वाक्यं पुन्हा, या वेळी आकड्यांसकट. वरच्या ओळी फुकट गेल्या. त्यातली सगळी लक्षणं त्याच जंगलातल्या डझनभर झाडांना जशीच्या तशी लागू पडतात.

वर्णन कसं लिहायचं हे इथल्या वाचकांना सांगायला नको. ठेवण, साल, डहाळी, उपपर्णं, देठ, पातं, फुलोरा, फूल, फळ, बी असा क्रम आणि प्रत्येकाचं माप. एवढंच बजावतो की ताज्या फुलाचं माप आणि सुक्या नमुन्यावरचं माप एकाच आकड्यात कालवू नका. मांसल पाकळ्या सुकताना आकसतात, आणि पुढे कोणी हर्बेरियममधला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातला) नमुना घेऊन पडताळायला बसला की त्याला काहीच जुळत नाही.

डायग्नोसिसचं काम निराळं. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेतलं ३८वं कलम त्याची व्याख्या देतं: लेखकाच्या मते ही प्रजाती इतरांपासून कशाने वेगळी ठरते, त्याचं विधान. म्हणजे त्यात दुसरी बाजू हवीच. वर्णनात एकच झाड असतं, डायग्नोसिसमध्ये कमीत कमी दोन. गोंधळ पसरायला संहिताही थोडी कारणीभूत आहे, कारण वैध प्रकाशनासाठी ती 'वर्णन किंवा डायग्नोसिस' असं म्हणते. दोन्हींपैकी एक चालतं, म्हणून दोन्ही एकच, असा सोयीचा अर्थ लोक काढतात.

दोन्हींतलं अंतर पाहायचं तर एनिग्मानू अल्वारेझिए या झाडाचं उदाहरण घ्या. पेरूतल्या मानू राष्ट्रीय उद्यानात १९७३ मध्ये त्याचा नमुना गोळा झाला. कागदी कंदिलासारखं नारिंगी फळ, नजरेत भरणारं. पानं-फळं समोर होती, म्हणजे त्या भागांचं वर्णन त्याच वर्षी लिहिता आलं असतं. पण हे झाड कोणत्या कुळातलं तेच कोणाला ठरवता येईना. शेवटी डीएनएने ते पिक्राम्निएसी कुळात नेऊन बसवलं आणि २०२१ मध्ये ते नव्या जीनससह (जवळच्या प्रजातींचा गट) प्रसिद्ध झालं. नातेवाईकच माहीत नसतील तर वेगळेपण कोणापासून सांगणार?

म्हणून पहिली पायरी तुलनेसाठी शेजारी प्रजाती निवडण्याची, आणि बहुतेक जण इथेच घसरतात. शेजारी दोन तऱ्हेचे असतात: नात्याने सर्वांत जवळचा आणि दिसायला सर्वांत फसवा. एकच प्रजाती दोन्ही असेल तर काम सोपं. नसेल तर दोघांशी वेगवेगळ्या वाक्यांत तुलना करा. 'जीनसमधल्या इतर सर्व प्रजातींपेक्षा वेगळी' हे वाक्य मात्र सरळ खोडावं. त्या जीनसमध्ये ऐंशी प्रजाती असतील तर लेखकाने त्या सगळ्या तपासल्या असतील यावर कोण विश्वास ठेवेल?

शेजाऱ्याची मापं जुन्या ग्रंथातून उचलू नका. तिथलं वर्णन कधी कधी दोन-तीन नमुन्यांवरच बेतलेलं असतं. 'पान १२ सेंटिमीटरपर्यंत' असं ग्रंथ म्हणतो, आणि हर्बेरियममधल्या पंचवीस शीट (नमुने चिकटवलेले कागद) काढल्या की १९ सेंटिमीटरची पानंही निघतात. शेजाऱ्याचा टाइप नमुना (ज्याला ते नाव कायमचं बांधलेलं असतं तो) पाहा, आणि त्याच्या नावाखाली गाडलेल्या समानार्थी नावांचेही टाइप पाहा. तुमच्या 'नव्या' झाडाला त्यातलंच एखादं जुनं नाव आधीपासून असू शकतं.

आता मांडणी. समजा, शेजाऱ्याला क म्हटलं. 'क पेक्षा पानं मोठी आणि खोड उंच' हे डायग्नोसिस निरुपयोगी. हे बघा: 'क च्या जवळची, पण पानाच्या बाजूच्या शिरांच्या १४–१८ जोड्या (क मध्ये ८–११), फुलं जुन्या खोडावर (क मध्ये पानांच्या बगलेत), अंडाशय दाट केसाळ (क मध्ये गुळगुळीत).' दर लक्षणाला लगेच कंसात त्याची जोडी. अशी तीन-चार लक्षणं पुरतात. दहा दिली की वाचक ओळखतो, लेखकाला नेमका फरक सापडलेला नाही.

लक्षण निवडताना मापांचे पल्ले एकमेकांत घुसत नाहीत ना ते बघा. पान ८–१४ सेंटिमीटर विरुद्ध ११–१८ सेंटिमीटर असेल तर १२ सेंटिमीटरचं पान हातात घेतलेला माणूस तिथेच अडकतो. पुंकेसरांची संख्या, ग्रंथी आहेत की नाहीत, फुलं कुठून उगवतात, अशी लक्षणं मापापेक्षा बरी.

वर्षावनात आणखी एक सापळा आहे. सावलीतल्या रोपट्याची पानं बऱ्याचदा खूप मोठी, लांब शेपटीसारख्या टोकाची, आणि त्याच झाडाच्या शेंड्यावरची लहान, जाड. आपल्या झाडाचं हाताला लागलेलं खालचं पान आणि शेजाऱ्याचं फुललेल्या फांदीवरचं पान यांची तुलना करून कागदावर भलामोठा फरक उभा राहतो. दोन्हीकडे फुललेल्या किंवा फळलेल्या फांदीवरचीच पूर्ण वाढलेली पानं मोजा. नर-मादी झाडं वेगळी असतील तर नर फुलाची तुलना नर फुलाशीच. दुर्मीळ झाडाचं एकच मादी झाड सापडलं असेल तर नर फुलाबद्दल गप्प बसावं.

डायग्नोसिसमध्ये जे घालू नये त्यात उंची पहिली. ब्राझीलच्या एस्पिरितो सांतो राज्यातलं डिनिझिया जुएइराना-फाकाओ २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा त्याची ४० मीटरपर्यंतची उंची आणि ६२ टनांचं अंदाजी वजन हीच बातमी होती. पण त्याची अ‍ॅमेझॉनमधली बहीण डिनिझिया एक्सेल्सा त्याहून कितीतरी उंच वाढते. हातात फांदी असलेल्याला त्या आकड्यांचा उपयोग शून्य. 'अत्यंत दुर्मीळ' आणि 'फक्त याच दरीत आढळते' हेही इथे नको. त्याला धोक्याच्या मूल्यमापनाचा आणि अधिवासाचा परिच्छेद आहे. डीएनएतला फरक जरूर सांगा, पण दिसणाऱ्या लक्षणांच्या नंतर.

बाकीचे फरक किरकोळ. डायग्नोसिस आखूड, वर्णन लांब. १ जानेवारी २०१२ पासून दोन्हींना लॅटिन किंवा इंग्रजी चालतं. होलोटाइप (नव्या नावासाठी लेखकाने नेमलेला एकमेव टाइप नमुना) आणि तो ठेवलेल्या हर्बेरियमचं नाव निबंधात हवंच. आणि डायग्नोसिसमधलं प्रत्येक लक्षण वर्णनातही, त्याच आकड्यांनी, आलं पाहिजे. वर १४–१८ शिरा आणि खाली १२–१८, असं छापून येतं, हे दुर्दैव.

लिहून झालं की ते डायग्नोसिस त्या कुळाची जाण असलेल्या दुसऱ्या कोणाला द्या, सोबत नावं झाकलेल्या शीट, काही नव्या झाडाच्या, काही शेजाऱ्याच्या. त्याला फक्त त्या ओळींवरून दोन ढीग करता आले नाहीत तर निबंध पाठवू नका. नमुन्यावर शेजाऱ्याच्या नावाआधी 'अ‍ॅफ.' (त्याच्या जवळचं, पण तेच नव्हे) लिहा आणि पुढच्या बहराची फुलं मिळेपर्यंत थांबा.