उरलेलं जेवण आणि १०९८

‘लग्नात जेवण उरलं तर १०९८ ला फोन करा, माणसं येऊन गरीब मुलांसाठी घेऊन जातात,’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण या क्रमांकावर जेवण नेण्याची सोय नाही.

१०९८ ही सेवा १९९६ साली मुंबईत, रस्त्यावरच्या मुलांना अडचणीत मदत मागता यावी म्हणून सुरू झाली. आज ती देशभर, चोवीस तास, मोफत आहे. भुसावळ स्थानकावर एकटंच भेदरून बसलेलं लेकरू, धाब्यावर भांडी घासणारा दहा वर्षांचा पोरगा, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर ठरलेलं अल्पवयीन मुलीचं लग्न, अशा वेळी फोन करायचा. जागा, जवळची खूण, अंदाजे वय, अंगावरचे कपडे सांगा. असं मूल ताब्यात घेतलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. जेवणासाठीचा फोन ही लाइन अडवतो, आणि तेवढ्यात एखादं मूल ताटकळू शकतं.

म्हणून खात्री करायलाही तिथे फोन लावू नका. स्थानकावरचा १०९८ चा फलक वाचा, किंवा जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात विचारा. निरोपही नीट वाचा. त्यात गाव, वेळ, गाडी कुठून येणार, काहीच नसतं.

जेवणाचं काय? जवळच्या वसतिगृहाशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. ताटातलं नको, पातेल्यातलंच द्या. वरण आणि वांग्याची भाजी आचेवरून उतरल्यापासून दोन तासांत पोहोचवा, उन्हाळ्यात त्याहून लवकर. तळलेली बट्टी तेवढी जरा जास्त टिकते.