दुर्बीण कानाबाहेर की कानात?

लहानपणी फुटलेला कान, सर्दी झाली किंवा तळ्यात पोहले की त्यातून येणारा पू आणि तो अडवायला खोचलेला घरच्याच कापसाचा बोळा, हे विदर्भातल्या गावांना नवे नाही. असा रुग्ण सेवाग्रामला किंवा नागपूरला पोचून पडद्याचे छिद्र बुजवायचे ठरले, की नातेवाईक आधी विचारतात, वेचणी संपेपर्यंत थांबता येईल का. आणि मग, ऑपरेशन दुर्बिणीनेच होईल ना? या दुसऱ्या प्रश्नात गोम आहे, कारण दुर्बीण म्हणून दोन अगदी वेगळी यंत्रे ओळखली जातात.

पहिले यंत्र सूक्ष्मदर्शक. स्वीडनच्या कार्ल नीलेन यांनी १९२१ मध्ये ते कानाच्या शस्त्रक्रियेत आणले. ते कानापासून वीतभर अंतरावर उभे राहते. सर्जन दोन्ही डोळ्यांनी पाहतो, त्यामुळे खोलीचा अंदाज येतो, आणि दोन्ही हात मोकळे असल्याने एका हाताने रक्त शोषून घेत दुसऱ्याने काम करता येते. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असलेल्या रिकिबीच्या हाडाजवळ काम करताना ही सोय फार मोलाची ठरते. अडचण एवढीच की नजर सरळ रेषेत जाते, आणि कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब व वाकडी असते. विहिरीच्या काठावरून तळ दिसतो, पण कपारीतला पारवा दिसत नाही, तसेच हे आहे. म्हणून बरेचदा कानामागे छेद घेऊन पाळी पुढे वळवावी लागते, तर कधी नळीचे हाड थोडे कोरावे लागते.

एंडोस्कोप म्हणजे त्याच विहिरीत उतरणे. तीन-चार मिलिमीटर जाडीची ही नळी कानाच्या छिद्रातूनच आत जाते आणि ३० किंवा ४५ अंशांचे तिरपे भिंग असेल तर पडद्यामागच्या कोपऱ्यांतही डोकावते. हाड कुरतडणाऱ्या कोलेस्टिॲटोमाचा, म्हणजे पडद्यामागे साचत जाणाऱ्या कातडीच्या गाठीचा, कण अशाच कोपऱ्यात राहून गेला, तर रोग पुन्हा वाढतो. माझ्या मते या नळीचे खरे महत्त्व इथे आहे, टाके वाचण्यात नाही. मात्र एक हात ती धरण्यात गुंततो, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचे चित्र सपाट असते, टोक तापते, आणि भिंगावर रक्ताचा एक थेंब पडला तरी सगळे लालभडक होऊन नळी काढून पुसावी लागते. रोग कानामागच्या हाडात खोल शिरला असेल, तर ड्रिल चालवायला सूक्ष्मदर्शकच लागतो. अनेक सर्जन मग एकाच शस्त्रक्रियेत दोन्ही वापरतात.

साधे छिद्र बुजवण्यात मात्र दोन्ही पद्धतींचे यश जवळपास सारखेच असते. एंडोस्कोपने दुखणे कमी राहते. छोट्या रुग्णालयांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट जमेची आहे: नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी घेतलेला कॅमेरा आणि प्रकाशयंत्र कानालाही चालते.

एक घोळ मात्र हमखास होतो. कानामागे टाके नाहीत म्हणून रुग्ण स्वतःला बरा समजतो, चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करतो आणि जोराने नाक शिंकरतो. आत बसवलेली पातळ झिल्ली तोवर धरलेली नसते, मग ती कोणत्याही दुर्बिणीने बसवलेली असो.