‘नो मोर दॅन’ म्हणजे किती कमी?

समजा, इंदुरातल्या एका व्याख्यानाला 110 लोक आले आणि त्याची बातमी इंग्रजीत द्यायची आहे. ‘अ लिटल मोर दॅन अ हंड्रेड पीपल केम’ असं लिहिलं तर आयोजक खूश होतील, कारण शंभरी ओलांडली. आता सुरुवातीचा तो एकाक्षरी ‘अ’ गाळा. ‘लिटल मोर दॅन अ हंड्रेड’ एवढंच उरलं की तेच 110 लोक तोकडे वाटू लागतात, गाडी जेमतेम शंभरावर सरकली असं. आकडा बदलला नाही, दोन्ही वाक्यं खरी आहेत, तरी एक शाबासकी देतं आणि दुसरं नाक मुरडतं.

थोडं, किरकोळ किंवा मोघम प्रमाण सांगायला इंग्रजीत तुलनेचे असे कितीतरी प्रयोग आहेत: ‘लेस दॅन’, ‘नो मोर दॅन’, ‘नेक्स्ट टू नथिंग’, ‘ॲज फ्यू ॲज’. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी अशा तीन भाषांत दिवस काढणाऱ्या इंदूरकराला यातला शब्द न् शब्द ठाऊक असतो. चूक होते ती दिशेत. अशा प्रत्येक प्रयोगात एक खूण असते, म्हणजे शंभर, मूठ किंवा शून्य. आणि त्या खुणेकडे वरून पाहायचं की खालून, हेही ठरलेलं असतं. शब्दकोशात खूण सापडते, दिशा मात्र वाक्यातूनच ओळखावी लागते.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ ही जोडी या दृष्टीने फार बारकाईने तपासली गेली आहे. लिंडा मॉक्सी आणि अँथनी सॅनफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी 1980च्या दशकापासून यावर प्रयोग केले. त्यांची पद्धत साधी होती. ‘सामन्याला थोडे प्रेक्षक गेले. ते...’ अशा धाटणीचं इंग्रजी वाक्य अर्धवट द्यायचं आणि पुढचं लोकांना लिहायला सांगायचं. ‘अ फ्यू’ असेल तर लोक गेलेल्यांबद्दल लिहितात: त्यांनी आरडाओरडा केला, त्यांना मजा आली. नुसतं ‘फ्यू’ असेल तर बरेच जण न गेलेल्यांबद्दल लिहितात: ते घरीच बसले, त्यांनी टीव्हीवर सामना पाहिला. म्हणजे ‘ते’ या सर्वनामाने कुणाकडे बोट दाखवायचं, हेसुद्धा त्या ‘अ’ने ठरतं. मराठीत हे काम ‘च’ करतो. ‘थोडे लोक आले’ आणि ‘थोडेच लोक आले’ यांत नेमकं तेच अंतर आहे, म्हणून ‘फ्यू’चं भाषांतर करताना ‘च’ विसरला की अर्थ उलटतो.

‘नो मोर दॅन’ आणि ‘नॉट मोर दॅन’ यांतही अशीच गल्लत होते. ‘नॉट मोर दॅन टेन’ ही नुसती मर्यादा आहे: दहाच्या वर नाही, मग सात असोत की दहा. ‘नो मोर दॅन टेन’ म्हणताना बहुधा आकडा दहाच असतो आणि तो कमी आहे असा शेराही त्यात असतो, म्हणजे ‘अवघे दहा’. शंका आली तर मराठी वाक्यात ‘अवघे’ किंवा ‘जेमतेम’ घालून पाहावं. ते सहज बसलं तर दिशा खालची. त्याऐवजी ‘चांगले’ बसलं, जसं ‘चांगले शंभरावर’, तर दिशा वरची. दोन्ही खटकले तर तो कोरा आकडा समजावा.

आता तर्काची अडचण. ‘फ्युअर दॅन टेन’ म्हणजे दहाहून कमी. गणिताच्या हिशोबाने यात शून्यही आलं. पण दहाहून कमी अर्ज आले असं ऐकून एकही अर्ज आला नाही असं कुणी समजत नाही. सात, आठ, नऊ असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. याचं कारण तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1967 साली हार्वर्ड विद्यापीठातल्या व्याख्यानांत मांडलं. बोलणारा गरजेइतकी माहिती देतो, असं ऐकणारा गृहीत धरतो. तीनच अर्ज आले असते तर त्याने ‘पाचाहून कमी’ म्हटलं असतं. दहा ही खूण निवडली, त्याअर्थी आकडा दहाच्या आसपास असणार.

खूण किती गोल आहे, म्हणजे 100 सारखा ढोबळ आकडा आहे की 93 सारखा काटेकोर, यावरही बरंच अवलंबून असतं. ख्रिस कमिन्स, उली झाउअरलांड आणि स्टेफनी सोल्ट या भाषाशास्त्रज्ञांनी 2012 साली दाखवलं की ‘मोर दॅन’च्या पुढचा आकडा जितका गोल, तितका ऐकणाऱ्याचा अंदाज दूरवर पसरतो. ‘मोर दॅन 100’ ऐकल्यावर माणूस बराच वर जायला तयार असतो. ‘मोर दॅन 93’ ऐकलं तर तो 93ला चिकटून राहतो, कारण इतकं काटेकोर बोलणाऱ्याला नेमका आकडा ठाऊक असणारच. अहवाल लिहिताना हे फार उपयोगी पडतं: मोघम आकड्याला मोघम खूण द्यावी. ‘साधारण 97’ लिहिलं की वाचणारा ‘साधारण’ विसरतो आणि 97 तेवढा धरून बसतो.

‘फ्युअर दॅन’ आणि ‘ॲट मोस्ट’, किंवा ‘मोर दॅन’ आणि ‘ॲट लीस्ट’, या जोड्याही सारख्या नाहीत. बार्ट ख्युर्ट्स आणि रिक नाउवेन या भाषाशास्त्रज्ञांनी 2007 साली त्यांच्यातला फरक उलगडला. तो मराठीतही पडताळता येतो. ‘आठवड्यात सहापेक्षा जास्त दिवस असतात’ हे वाक्य बाळबोध असलं तरी चालतं. ‘आठवड्यात किमान सात दिवस असतात’ ऐकलं की वाटतं, बोलणाऱ्याला आठवड्याचे दिवस माहीत नाहीत की काय! हिशोबाने दोन्ही सारखीच, पण ‘किमान’ आणि ‘जास्तीत जास्त’ हे शब्द बोलणाऱ्याची अनिश्चितता सोबत आणतात. नेमका आकडा हाताशी असताना ते वापरू नयेत.

खूण आकड्याचीच हवी असं नाही, वस्तूही चालते. इंग्रजी स्वयंपाकघरात ‘पिंच’, ‘डॅश’ आणि ‘स्मिजन’ आहेत. या मोघम शब्दांनाही मापात बसवून चमचे विकले जातात: डॅश म्हणजे चहाच्या चमच्याचा 1/8 भाग, पिंच 1/16, स्मिजन 1/32. चहाचा चमचा 5 मिलिलिटरचा धरला तर स्मिजन भरतं सुमारे 0.16 मिलिलिटर. आपल्याकडे याच्या उलट प्रवास झालेला दिसतो, पक्की मापं मोघम झाली. सराफ्यातल्या जुन्या हिशोबात तोळ्याचे 12 मासे आणि माशाच्या 8 रती, म्हणजे तोळ्याच्या 96. तोळा 11.66 ग्रॅमचा, तेव्हा रती 0.12 ग्रॅमची. तोलायला ती पुरेशी नेमकी होती. आता ‘रतीभर फरक नाही’ म्हणताना कुणी ग्रॅम मोजत नाही. इंचाहून किंचित मोठ्या ‘तसू’चंही तेच झालं.

या शब्दांची एक खोड लक्षात घेण्यासारखी आहे: ते नकाराशिवाय फारसे शोभत नाहीत. ‘तो तसूभरही हलला नाही’ हे फक्कड मराठी आहे. ‘तो तसूभर हलला’ म्हटलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. इंग्रजीत ‘डिडन्ट बज ॲन इंच’, ‘डिडन्ट लिफ्ट अ फिंगर’ यांची गत तीच. कारण असं: मापातली सगळ्यात खालची पायरी नाकारली की वरच्या सगळ्या आपोआप नाकारल्या जातात, म्हणून अशा वाक्यात सगळ्यात क्षुल्लक मापच सगळ्यात जोरकस ठरतं. दुर्योधन सुईच्या अग्रावर मावेल एवढीही जमीन द्यायला नकार देतो, तो याच तर्काने. फ्रेंच भाषेत तर ‘पा’, म्हणजे ‘पाऊल’, हा शब्द ‘पाऊलभरही चाललो नाही’ अशा वाक्यांतून घासत घासत स्वतःच नकाराचा शब्द बनला. जुना नकार झिजतो, जोर द्यायला जोडलेला शब्द त्याची जागा घेतो; भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1917 साली या चक्राचं सविस्तर वर्णन केलं.

सगळ्यात मोठं नुकसान होऊ शकतं ते औषधाच्या माहितीपत्रकात. युरोपात दुष्परिणामांसाठी शब्द ठरवून दिलेले आहेत. ‘व्हेरी कॉमन’ म्हणजे 10 पैकी एकाहून जास्त जणांना. ‘कॉमन’ म्हणजे ‘अप टू 1 इन 10’, ‘अनकॉमन’ 100 पैकी एकापर्यंत, ‘रेअर’ 1,000 पैकी एकापर्यंत आणि ‘व्हेरी रेअर’ 10,000 पैकी एकापर्यंत. इथे ‘अप टू’ हे फक्त छत आहे. ‘कॉमन’चा खरा पट्टा 100 पैकी 1 ते 10 असा आहे; 1,000 रुग्ण धरले तर 10 ते 100. वाचणाऱ्याचं मन मात्र छतालाच लटकतं आणि 10 पैकी एक एवढंच धरून ठेवतं. आकडा न देता नुसतं ‘कॉमन’ लिहिलं तर परिस्थिती आणखी बिघडते, कारण रोजच्या बोलण्यात ‘कॉमन’ म्हणजे सर्रास होणारं. ब्रिटनमधल्या अभ्यासांत लोकांनी या शब्दाचा अंदाज ठरवलेल्या पट्ट्याच्या कितीतरी वर केलेला आढळला.

इंदुरातल्या राजवाड्याभोवतीच्या दुकानांवर ‘अप टू 50% ऑफ’ची पाटी लागते, तिचं व्याकरणही हेच. एका वस्तूवर 50 टक्के सूट असली तरी पाटी खरी ठरते. ‘ॲज लिटल ॲज’ किंवा ‘स्टार्टिंग फ्रॉम’ असेल तर उलट: ती किमतीची जमीन आहे, बाकी सगळं तिच्यावर.

असा मजकूर मराठीत आणताना आधी इंग्रजीतली खूण शोधून ती अंकात लिहावी. मग ती छत आहे की जमीन, ते पाहावं. छताला ‘पर्यंत’, जमिनीला ‘पासून’. दुसरं टोक माहीत असेल तर तेही द्यावं. शेवटी शेरा तपासावा: मूळ वाक्यात तो असेल तरच ‘च’, ‘अवघे’, ‘जेमतेम’ वापरावं. औषधाच्या पत्रकात शेरा कधीच नसतो. तिथे ‘क्वचितच’ न लिहिता ‘दर 10,000 जणांपैकी 1 ते 10 जणांना’ असं लिहावं, आणि एका तक्त्यातल्या सगळ्या ओळींना छेद शक्यतो एकच ठेवावा. ‘100 पैकी 1’ आणि ‘1,000 पैकी 8’ शेजारी आले तर 8 मोठे म्हणून दुसराच धोका जास्त वाटतो. दोन्ही 1,000वर आणले की 10 आणि 8 समोरासमोर येतात.