शीर्षकात लक्षण लिहावं की निदान?

"लॅपटॉपची बॅटरी गेली, कोणती घेऊ?" आणि "लॅपटॉप चार्जर लावलेला असतानाही २० मिनिटांत अचानक बंद होतो." ऑनलाइन मंचावर मदत मागणाऱ्या प्रश्नांची ही दोन्ही शीर्षकं एकाच लॅपटॉपबद्दल असू शकतात. पहिलं वाचून लोक बॅटऱ्यांची नावं सुचवायला बसतात. दुसरं वाचून माहीतगार माणूस तिथेच थबकतो: चार्जर जोडलेला असूनही बंद होतोय, तर बॅटरीच्या आधी उष्णता तपासायला हवी. पंखा फिरतोय का, हवा बाहेर पडायच्या जाळीत धूळ साचली आहे का, हे तो विचारतो. पहिल्या शीर्षकाखाली हा प्रश्न बहुधा कोणी विचारतच नाही, कारण उत्तर देणाऱ्यांना निदान आयतं मिळालेलं असतं.

लक्षण म्हणजे दिसलेलं, ऐकलेलं, मोजलेलं किंवा पडद्यावर वाचलेलं. निदान म्हणजे त्यावरून काढलेला तर्क. व्याख्या सोपी आहे, तरी लिहिताना गल्लत होते. कारण दोन दिवस एखाद्या बिघाडाशी झुंजल्यावर आपला तर्क आपल्याला तर्क वाटतच नाही, डोळ्यांनी पाहिल्यासारखा वाटतो. म्हणून शीर्षक लिहून झालं की स्वतःला एकच शब्द विचारायचा: "कशावरून?" बॅटरी गेली, कशावरून? "अचानक बंद होतो म्हणून." मग ते उत्तरच लक्षण आहे आणि शीर्षकात तेच यायला हवं. "कशावरून?"ला "दिसतंयच की" एवढंच उत्तर उरलं, तर समजावं की लक्षणापर्यंत पोचलो.

झाडांच्या प्रश्नांत ही गल्लत सर्रास होते. "गुलाबाला नत्र कमी पडतंय, कोणतं खत घालू?" या शीर्षकाच्या मागे पाहणी असते ती फक्त "पानं पिवळी पडली" एवढी. पण पिवळेपणा झाडावर कुठे आहे, यावर सगळं अवलंबून असतं. नत्र झाडाच्या आत सहज हलतं. ते कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्या पानांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी होतात. लोह तसं हलत नाही. त्याची उणीव वरच्या कोवळ्या पानांवर दिसते: पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या. त्यातही कितीदा मातीत लोह असतंच, पण माती अल्कधर्मी असल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. कुंडीत पाणी साचून मुळं गुदमरली तरीही पानं पिवळीच पडतात, आणि अशा वेळी खत घातलं तर झाडाचे आणखी हाल होतात. "गुलाबाची वरची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या, खालची पानं ठीक" हे शीर्षक यातल्या निम्म्या शक्यता तिथल्या तिथे बाद करतं. शब्द मोजून दहा.

"खालची पानं ठीक" हा तुकडा आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. काय बिघडलं हे सगळेच लिहितात. काय बिघडलेलं नाही, हे फार थोडे. "प्रिंटर कोरी पानं काढतो" हे लक्षण आहेच, पण "संगणकावरून कोरी पानं येतात, प्रिंटरच्या बटणावरून काढलेलं चाचणी-पान स्वच्छ" असं लिहिलं की शाई आणि कार्ट्रिजवरचा संशय जवळपास मिटतो आणि ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा संगणकातला प्रोग्राम), जोडणी किंवा मूळ फाइल इथे लक्ष जातं. चाचणी करून पाहिलेली असेल, तर तिचा निकाल शीर्षकात बेलाशक लिहावा. तो तर्क नाही, पाहणीच आहे.

काही शब्द लक्षणासारखे दिसतात, पण सांगत काहीच नाहीत. "खराब झाला", "बिघडला", "चालत नाही" हे त्यातले. "बंद पडतो" हा तर सगळ्यांत फसवा. मोबाइल बंद पडतो म्हणजे पडदा काळा होतो पण रिंग वाजते? की अख्खा मोबाइल विझतो? की चित्र गोठून बोटाला दाद देत नाही? की आपोआप रीस्टार्ट होतो? चारही वेगळे बिघाड, आणि बोलताना आपण चारहींना एकच शब्द वापरतो. लिहिताना तो सोडून प्रत्यक्ष घडतं तेच लिहावं: "पडदा काळा, रिंग मात्र वाजते."

पडद्यावर संदेश येत असेल तर तो शब्दशः, ज्या लिपीत दिसतो त्याच लिपीत आणि आकड्यासकट उतरवावा. भाषांतर केलं की तोच संदेश शोधत येणाऱ्या पुढच्या माणसाला आपला प्रश्न सापडत नाही. शिवाय आकडा बरंच बोलून जातो. "इंटरनेट चालत नाही" असं शीर्षक आणि आत ४०४ दाखवणारं चित्र, हे जोडच जुळत नाही. ४०४ हे सर्व्हरकडून, म्हणजे संकेतस्थळ पुरवणाऱ्या संगणकाकडून, आलेलं उत्तर आहे: या पत्त्यावर काही सापडलं नाही. उत्तर आलं, म्हणजे जोडणी सुरू आहे. ४०३ म्हणजे सर्व्हरने परवानगी नाकारली, ५०० म्हणजे सर्व्हरच्या आतच काहीतरी फसलं.

बांधणीचं म्हणाल, तर आधी सविस्तर मजकूर लिहावा आणि शीर्षक शेवटी. क्रम असा बरा पडतो: वस्तू आणि मॉडेल, काय होतं, केव्हा होतं, काय ठीक आहे. आठ ते बारा शब्द पुरतात. मोबाइलवर शेवटचे शब्द कापले जातात, म्हणून वस्तूचं नाव आणि लक्षण आधी घ्यावं. "तातडीने मदत हवी"ने सुरुवात केली तर नेमकी तीच जागा वाया जाते.

उपाय विचारणारं शीर्षक हे निदानाचंच पुढचं पाऊल. "फोन फॉरमॅट कसा करायचा?" याला बिनचूक उत्तर मिळेल आणि डेटा पुसला जाईल, मूळ तक्रार "फोटो काढताना जागा शिल्लक नाही असा संदेश येतो" एवढीच असली तरी.

म्हणजे निदान कधीच लिहू नये असं नाही. ते तपासून पक्कं झालेलं असेल आणि प्रश्न त्याच्या पुढचा असेल, तर तेच शीर्षक योग्य. दुसरी, चांगली बॅटरी लावून लॅपटॉप व्यवस्थित चालला, तर "बॅटरी बदलायची आहे, या मॉडेलला कोणती बसेल?" असं खुशाल विचारावं. तर्क नुसता मनात असेल, तर तो आतल्या मजकुरात "मला वाटतं" म्हणून लिहावा. कधीकधी तो बरोबरही निघतो.

अडचण सुटली की शीर्षकात भर घालावी, पण मूळ शब्द पुसू नयेत. "लॅपटॉप चार्जर असतानाही २० मिनिटांत बंद होतो (सुटलं: पंख्यात धूळ)". लक्षण पुसून नुसतं "पंख्यात धूळ" ठेवलं, तर खालची उत्तरं कशाबद्दल होती ते कळत नाही. आणि ज्याचा लॅपटॉप आज असाच बंद होतोय, तो "धूळ" हा शब्द शोधणार नाही, "अचानक बंद होतो" हेच शोधेल.